रकाना रिकामा ठेवा

३ फेब्रुवारी, रविवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद पाठवते आहे. नको असतील तर पाकिटातच राहू देत, त्यांचं काही वजन होत नाही.

इकडे सगळं ठीक. हे वाक्य मी तुला वर्षातून एकदा, अशी एकोणीस वर्षं लिहीत आले आणि तू एकदाही उत्तर दिलं नाहीस. त्यावरून तुझाही त्यावर विश्वास नसावा. तरी रिवाज म्हणून लिहिते. आप्पांची तब्येत वयाच्या मानाने बरी आहे, म्हणजे डॉक्टर आता पथ्य सांगत नाहीत, "काय हवं ते खाऊ द्या" म्हणतात. याचा अर्थ मला कळला, तुलाही कळेल. आप्पांना सगळ्यांत आधी कळला. मी अजून शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. मुलं काचेची नळी फोडतात, मी बोलते, मुलं दुसरी फोडतात. शिक्षणाचं कार्य अखंड चालू आहे.

पण या वेळी काम आहे. ट्रॅक्टरचं ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक तू जाताना नेलं होतंस का? शेडमधल्या फळीवर नाही, माळ्यावर नाही, मी सगळीकडे बघितलं. नेलं असशील तर पाठवून दे. रागावून कोणी पुस्तक नेत नाही, पण तू पहिल्यापासून उलट्या खोपडीचा.

कशाला हवं, तर ऐक. गेल्या महिन्यात आप्पांचा एक दात हलायला लागला म्हणून त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आप्पांच्या तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "पूर्वी काय करत होता?" तोंड उघडं असलेल्या माणसालाच प्रश्न विचारायचे, ही त्या जातीची खोड. आप्पा म्हणाले, "आँक्टर." दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला आणि म्हणाले, "कोणता? किती सालचा? आहे अजून?" दात तसाच हलता ठेवून दोघं पाऊण तास बोलत बसले. बाहेर बाकावर लोक गाल धरून कण्हत होते.

पुढच्या रविवारी दारात तीन माणसं. डॉक्टर, बसडेपोतून निवृत्त झालेले एक फिटर, आणि भंगाराचं दुकान चालवणाऱ्या एक बाई. तिघांना मिळून एकच वेड: मेलेले ट्रॅक्टर उठवणं. आतापर्यंत अकरा उठवलेत म्हणे. घेत काही नाहीत, फक्त चहा, आणि तोही नावं ठेवत पितात.

भंगारवाल्या बाईंनी बॉनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे आला असता तर आत्तापर्यंत याच्या बादल्या झाल्या असत्या. नशीब काढलं मेल्याने." फिटर पुढे झाले. पंख्याला धरून त्यांनी इंजिन फिरवून बघितलं. हललं नाही. "जाम आहे," ते म्हणाले. "पण जाम म्हणजे मेलेला नव्हे. रुसलेला."

मी म्हटलं, "नको. कशाला उकरायचं?"

आप्पा चाकाच्या खुर्चीतून म्हणाले, "मला एकदा त्याचा आवाज ऐकायचाय."

"त्यानेच पाय नेला ना तुमचा?"

"यंत्राची काय चूक?"

यंत्राची नाही तर कोणाची, हे ते पुढे बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. सगळ्या जगाला पाठ आहे: तू चावी फिरवलीस, ट्रॅक्टर गिअरमध्ये होता, आप्पा समोर उभे राहून रेडिएटरमध्ये पाणी भरत होते, मागे भिंत होती. आणि मग इस्पितळात, दहा माणसांसमोर, त्यांनी तुला विचारलं, "एवढं न्यूट्रल बघता येत नाही तुला?" त्या वाक्याच्या पुढे ते गेले नाहीत आणि तू मागे फिरला नाहीस. मधल्या जागेत मी राहते.

त्यांना आता फार वेळ नाही. तू एकदा यावंस असं मला वाटतं. का यावंस, हे मला नीट लिहिता येत नाही. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा कागद बदलला; हा पाचवा आहे, त्यात ते नाही.

पुस्तकाचं तेवढं बघ.

तुझी,
ताई


१७ मार्च, रविवार

प्रिय धाकट्या,

पुस्तक मिळालं. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात होता, तोच दोनदा वाचला. तू अजून आकडे पुढे झुकलेले काढतोस, पळत सुटल्यासारखे.

आप्पांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला. "त्याने जपलंय," एवढंच म्हणाले. जेवतानाही मांडीवर होतं. नाव घेतलं नाही, पण 'त्याने' म्हणाले. आमच्या घरात सर्वनामानेसुद्धा तू बऱ्याच वर्षांनी आलास.

आता ट्रॅक्टरचं. टाकीत उंदरांनी संसार मांडला होता. आधी त्यांना उठवलं. टाकीत खडी आणि साखळीचे तुकडे घालून भंगारवाल्या बाईंनी ती दोन्ही हातांनी अशी घुसळली की आतला गंज पिठासारखा बाहेर पडला. चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओतून तीन आठवडे तसंच मुरत ठेवलं. दर रविवारी फिटर येत, पंखा धरून जरासा जोर लावत, "अजून नाही" म्हणत आणि चहाला बसत. चौथ्या रविवारी पंखा चार बोटं हलला. तिघांचे चेहरे असे झाले की जणू घरात कोणाला मूल झालंय. डॉक्टरांनी नोझलची भोकं त्यांच्या दातांच्या बारीक सुयांनी साफ केली. "पेशंट ओरडत नाही, हा फार मोठा फायदा," असं म्हणत होते. क्लच प्लेट चिकटून बसली होती, ती सुटली. पंप सगळा उघडून धुतला.

मी काय करते? चहा. आणि उजेड धरते. एक दिवस भंगारवाल्या बाई म्हणाल्या, "प्रयोगशाळेत आहात ना हो तुम्ही? मग वायरिंगला हात का लावत नाही? नुसत्या बॅटरी धरून उभ्या." मी म्हटलं, मला येत नाही. आप्पा म्हणाले, "येतं की! घरातलं सगळं तीच करते. मिक्सर, पंखे, इस्त्री." मी चहा आणायला आत गेले.

या मंडळींचा एक नियम आहे, तो तुला सांगायला हवा. प्रत्येक ट्रॅक्टरची एक वही. तीत इंजिनाचं काही नसतं, आधीच्या माणसांच्या करामती असतात. नटाच्या जागी खिळा ठोकलाय, पाइपला चिंधी गुंडाळलीय, असं जे जे सापडेल ते लिहायचं. तीन रकाने: काय सापडलं, कोणी केलं, का केलं. दुसरा आणि तिसरा रकाना घरच्यांनी स्वतःच्या हाताने भरायचा. भरल्याशिवाय ती वस्तू काढायची नाही.

मी म्हटलं, "ही पंचाईत कशासाठी? काढा आणि टाका."

फिटर म्हणाले, "बाई, तीस वर्षं डेपोत काढली. खिळा दिसला की लोक आधी खिळा काढतात. मग कळतं, खिळ्यामुळेच काहीतरी उभं होतं. कोणी केलं ते कळलं की का केलं ते कळतं. का ते कळलं की मग हात घालायचा."

तर आमच्या वहीत पहिल्या पानावर नऊ करामती आहेत. सात आप्पांच्या, त्यांनी मोठ्या अभिमानाने कबूल केल्या. एक तुझी: एअर फिल्टरला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. ती आप्पांनीच ओळखली. "हे त्याचं," म्हणाले, आणि 'का केलं'मध्ये मला लिहायला लावलं: "धूळ फार होती आणि तो हुशार होता." हे मी तुला तसंच्या तसं कळवते आहे.

नववी गेल्या रविवारी सापडली. सीट काढली, खाली गिअरबॉक्सच्या झाकणावर सेफ्टी स्विच असतो, तुला माहीतच आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला की तो स्टार्टरची वीज तोडतो. त्या स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडलेल्या निघाल्या. म्हणजे स्विच नुसता शोभेला. फिटरांनी त्या जोडावरून बोट फिरवलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "हे शेतातलं काम नाही. कथलाचा डाग बघा किती सुबक दिलाय. शिकलेला हात आहे."

आप्पा तेव्हा आत झोपले होते.

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. मी 'कोणी केलं'मध्ये लिहिलं: अज्ञात.

फिटरांनी ते वाचलं. खिशातून खोडरबर काढलं. या वयाचा माणूस खिशात खोडरबर ठेवतो. त्यांनी शांतपणे शब्द पुसला आणि म्हणाले, "अज्ञात लिहू नका बाई. अज्ञात म्हणजे शोधून झालं. माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा म्हणजे काम चालू आहे."

तर सध्या तो रिकामा आहे, आणि तो भरेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही असं ठरलंय. बाकी सगळं तयार आहे. आप्पा रोज विचारतात, "काय अडलंय?" मी सांगते, "एक लहानसा पार्ट मिळत नाहीये."

तुझ्या पुस्तकात स्विचच्या पानाच्या कडा काळ्या पडल्यात. इतर पानं स्वच्छ आहेत. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, पुसट झालंय, नीट लागत नाही.

शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "तुझ्यासारखी मुलगी सात जन्मांत मिळायची नाही. बापापायी सगळं आयुष्य घातलंस." अशा वेळी काय चेहरा करावा हे मला एकोणीस वर्षांत जमलेलं नाही. मी भाजी निवडत असल्याचा चेहरा करते.

तुझी,
ताई


३ एप्रिल, बुधवार

धाकट्या,

समासातलं लागत होतं. पहिल्याच दिवशी लागलं होतं. पुस्तकात छापलंय, "ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होणार नाही." त्याखाली तू दोन रेघा मारल्यास आणि शेजारी लिहिलंस, "मग कसा?"

असा: त्या वायरी मी जोडल्या.

हे एका ओळीत मावलं बघ. बाकीचं पत्र या ओळीला लहान करण्यासाठी आहे असं वाटेल, तर ते तसं नाही. तुला सगळं क्रमाने कळायला हवं म्हणून लिहिते.

तो मंगळवार होता. स्विच खराब झाला होता, ट्रॅक्टर तीन दिवस चालू होत नव्हता, तू नवा स्विच आणायला शहरात गेला होतास. आप्पा अंगणात येरझारा घालत होते, घालता येत होत्या तेव्हा. मी शाळेतून आले, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न घेऊन सीटखाली गेले आणि अर्ध्या तासात वायरी जोडून मोकळी झाले. ट्रॅक्टर एका फटक्यात चालू. आप्पा म्हणाले, "काय केलंस गं?" मी म्हटलं, "काही नाही, स्विचवर कार्बन बसला होता, साफ केला." थेट जोडल्या म्हटलं असतं तर त्यांनी तेव्हाच काढायला लावलं असतं. आणि ते आधीच म्हणून गेले होते, "पोरगा तीन दिवस डोकं फोडतोय आणि हिने अर्ध्या तासात केलं." ते मला फार आवडलं होतं. इतक्या स्वस्तात विकली गेले मी.

मी दर वर्षी मुलांना सांगते, फ्यूजच्या जागी जाड तार लावू नका. फळ्यावर आकृती काढून सांगते. परीक्षेत चार मार्कांना येतं.

तू बुधवारी संध्याकाळी परत आलास, नवा स्विच मिळाला नव्हता. आप्पांनी सांगितलं, ताईने साफ केला, आता नीट आहे. मी तिथेच होते, काही बोलले नाही. शनिवारी मी स्वतः जाऊन स्विच आणणार होते, बसवणार होते, मग सांगणार होते. गुरुवारी सकाळी तू खाली उभा राहून चावी फिरवलीस.

खाली उभं राहून, कारण आप्पांनीच आपल्या दोघांना तसं शिकवलं होतं. पुस्तकात लिहिलंय सीटवर बसून चालू करा. आप्पांचं म्हणणं, पुस्तक लिहिणाऱ्याला वेळ असतो. खालूनच चावी फिरवायची. गिअरमध्ये असेल तर हूं की चूं करणार नाही, मग वर चढून न्यूट्रल करायचं. तू लहानपणापासून तसंच करत आलास, कारण त्या स्विचवर तुझा विश्वास होता. तो विश्वास मी दोन दिवस आधी सीटखालून काढून घेतला होता आणि तुला सांगितलं नव्हतं.

तू इस्पितळात ओरडून सांगत होतास, "गिअरमध्ये असता तर चालूच झाला नसता!" सगळे म्हणाले, सबबी सांगतोय. मग जिन्यात तू मला एकटीला गाठलंस आणि विचारलंस, "ताई, स्विच नीट होता ना?"

मी म्हटलं, "होता."

वायर जोडली ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते, मी तिला फार मोठं म्हणत नाही. हा 'होता' मात्र चूक नव्हे. तो मी पूर्ण शुद्धीवर, तुझ्या डोळ्यांत बघून म्हटला. नंतर तू घर सोडलंस आणि मी आदर्श मुलगी झाले. लग्न नाही केलं, बापाची सेवा केली, लोकांनी वाखाणणी केली. तीनदा गिऱ्हाईक आलं ट्रॅक्टरला, तीनदा परत पाठवलं. लोक म्हणाले, आठवण जपते. सीट उघडली जाऊ नये एवढंच मी जपत होते. एकटी जाऊन ती वायर सोडवावी, असं कितीदा तरी वाटलं. पण सोडवायची म्हणजे हात लावायचा, आणि हात लावला की ती माझी झाली असती.

गेल्या गुरुवारी दुपारी आप्पांना सांगितलं. उभं राहून सांगितलं. बसले असते तर गप्पा वाटल्या असत्या.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"नाही."

"त्याने विचारलं होतं तुला?"

"हो."

"मग?"

"मी म्हटलं, स्विच नीट होता."

त्यांनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. शुक्रवार, शनिवार माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवण टाळलं नाही, पण ताट माझ्या हातून घेतलं नाही. मी ते टेबलावर ठेवून बाजूला व्हायचं, मग त्यांनी खुर्ची ढकलत येऊन उचलायचं. तुमच्या दोघांत जे एकोणीस वर्षं होतं, ते आता आमच्या दोघांत आहे. म्हणजे शेवटी योग्य पत्त्यावर आलं.

रविवारी तिघं आले. मी वही मागून घेतली आणि रकाना भरला. कोणी केलं: मी. का केलं: लवकर व्हावं म्हणून, आणि कौतुक व्हावं म्हणून. डॉक्टरांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. फिटरांनी वाचलं, मान हलवली, वही मिटली. त्यांना माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. डाग बघून माणूस ओळखतात ते. भंगारवाल्या बाई म्हणाल्या, "लिहिलंत ना? झालं तर. आता सरका जरा, तुम्ही पान्ह्यावर उभ्या आहात." एकोणीस वर्षांत माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

त्यांनीच दुसऱ्या एका ट्रॅक्टरचा स्विच आणून ठेवला होता. फिटरांनी मला म्हटलं, "तुम्ही सोडवा." मी सीटखाली गेले. डाग अजून घट्ट होता. माझं काम चांगलं असतं, हीच तर अडचण. तापवून सोडवला, नवा स्विच बसवला.

मग त्यांनी इंजिन चालू केलं. डॉक्टर सीटवर, न्यूट्रलमध्ये. तीनदा नुसतं घुरघुरलं, चौथ्यांदा काळा धूर, आणि लागलं. शेडचे पत्रे थरथरत होते. तिघं लहान मुलांसारखे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. चार मिनिटं झाली असतील. मग त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "बंद करा. आता गिअरमध्ये टाका."

फिटरांनी पुढच्या चाकांना दोन दगड लावले, समोरून सगळ्यांना हटवलं, आप्पांची खुर्ची स्वतः ढकलून बाजूला घेतली. आप्पा तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "तू फिरव. खालून. तो उभा होता तिथून."

मी उभी राहिले. चावी फिरवली.

काही झालं नाही. टक नाही, खट नाही. ट्रॅक्टर जागचा हलला नाही.

"परत," आप्पा म्हणाले. परत फिरवली. काही नाही. "परत." तिसऱ्यांदा काही नाही. दोन महिने तीन माणसांनी हातांची सालं काढून जो ट्रॅक्टर चालू केला, तो चालू होत नव्हता, आणि त्याने चालू न होण्याची आम्ही सगळे श्वास धरून वाट बघत होतो.

आप्पा म्हणाले, "म्हणजे पोरगा खरं बोलत होता." हे ते कोणालाच म्हणाले नाहीत. शेडला म्हणाले असतील. मग खूप वेळ त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. डॉक्टर उठून जवळ गेले, आप्पांनी त्यांना हाताने थांबवलं.

काल सकाळी मला म्हणाले, कागद घे. माझ्याशी बोलणं अजून एवढंच आहे, कामापुरतं. त्यांनी सांगितलेलं खाली लिहिते, एक शब्द बदललेला नाही.

"तू न्यूट्रल बघितलं नव्हतंस. बघायची गरज नव्हती, मीच तसं शिकवलं होतं. दहा जणांसमोर बोललो, ते तसंच दहा जणांसमोर परत घ्यायला हवं, पण त्यांतले सहा मेले. तेव्हा इथे तिघांसमोर घेतलं. तू खरं बोलत होतास. मी ऐकायला हवं होतं. आप्पा."

सही त्यांची आहे. हात थरथरतो, पण तुला ओळखू येईल.

मी क्षमा मागत नाही. क्षमा मागितली की देणाऱ्याला काम लागतं, आणि मी तुला आधीच भरपूर काम लावलंय. रागाने लिहायचं असेल तर लिही, नाही लिहिलंस तरी मला कळेल. पण त्यांच्याकडे ये. शाळा दहाला भरते; मी साडेनऊला घरातून निघते आणि पाच वाजून गेल्यावर येते. बुधवारी प्रयोगशाळेची साफसफाई असते, त्या दिवशी सहा होतात. शनिवारी अर्धा दिवस, तेव्हा शनिवार टाळ. दाराला आतून कडी नसते, नुसतं ढकललं की उघडतं. आप्पा अकराच्या सुमाराला मागच्या अंगणात उन्हात बसतात. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजव्या बाजूला बस.

तू येऊन गेलास हे मला कळायला हवं असं नाही.

वायर जोडणारी,
ताई